दुकान त्याचं, साइट त्याची, मग किल्ली आपल्या खिशात कशाला?

सुट्टीत घरी गेलं की प्रत्येक ब्रँचवाल्याच्या नशिबी एकेक काम ठरलेलं असतं. मेकॅनिकलवाल्यानं मोटरसायकल बघायची, इलेक्ट्रिकलवाल्यानं मिक्सर दुरुस्त करायचा आणि कॉम्प्युटर नाहीतर आय.टी.वाल्यानं कोणाच्या तरी दुकानाची वेबसाइट बनवायची. नाही म्हणायची सोय नाही. "मंग चार वर्षं कायचं शिकून रायला तू?" हे ऐकण्यापेक्षा साइट बनवलेली परवडते.

आपणही मग उत्साहानं बसतो. डोमेन घेतो, स्वस्तातलं होस्टिंग घेतो, वर्डप्रेस टाकतो, एखादी फुकटची थीम लावतो. दुकानाचा फोटो, मालकाचा फोटो, गजानन महाराजांचा फोटो, फोन नंबर, नकाशा. चार दिवसांत साइट तयार! मोबदल्याचं म्हणाल तर ओळख जितकी जवळची तितके पैसे कमी. सख्ख्या मामाचं दुकान असलं तर नुसता नाश्ता. मालक खूश, आपण खूश, बायोडाटात एक ओळ वाढली आणि आपण परत हॉस्टेलवर.

निघताना एक वाक्य मात्र आपण सगळेच टाकतो. "काका, तुम्ही कशाला हात लावू नका हं. काही बदलायचं असलं तर मला फोन करा."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. ऐकायला ते मोठं काळजीचं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की दुकान काकांचं, पैसे काकांचे, नाव काकांचं, पण भाव बदलायचा तर परवानगी आपली. आणि आपण कुठे असतो? कधी सबमिशनमध्ये, कधी उन्हाळी परीक्षेत, आणि पास आऊट झालो की पुण्याला नाहीतर बंगलोरला. साइट बनवणं हे अर्धं काम आहे. मालकाला ती स्वतःच्या हातानं, न भिता, काही न मोडता बदलता येणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच आपण करत नाही.

मी बार्शीटाकळीचा. अकोल्याहून जेमतेम वीस किलोमीटर. तालुक्याचं गाव आहे, कापूस, सोयाबीन, तूर यांच्यावर चालणारं. आमच्याकडे बाजारातल्या निम्म्या गोष्टी पावसावर ठरतात. मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांत जी गर्दी उसळते ती आपल्या मेसमध्ये रविवारच्या दुपारीही दिसायची नाही. बी.टी. कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार दर हंगामाआधी जाहीर करतं. बी.जी.-२ चं पाकीट २०२३-२४ ला ८५३ रुपये होतं, २०२४-२५ ला ८६४ झालं, २०२५-२६ ला ९०१. त्याहून एक रुपया जास्त घेतला तर तो गुन्हा, परवाना धोक्यात. म्हणजे दुकानदारानं साइटवर भाव टाकला असेल तर तो वर्षातून एकदा तरी बदलावाच लागणार, आणि तोही नेमक्या त्याच आठ-पंधरा दिवसांत, जेव्हा त्याला जेवायला फुरसत नसते.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचं २०२४ च्या जूनमध्ये काय झालं ते सांगतो. साइट एका पोरानं बनवून दिलेली, तो तोवर नोकरीला लागलेला. भाव ८६४ झाला, साइटवर ८५३ च. एक शेतकरी मोबाइल पुढे करून म्हणे, "हे पाहा भाऊ, तुमच्याच साइटवर लिहेल हाय. ८५३ मंदी द्या." अकरा रुपयांवरून अर्धा तास खटका. दुकानदारानं त्या पोराला तीन फोन लावले, पोरगं मीटिंगमध्ये. शेवटी डायरीत लिहून ठेवलेला पासवर्ड काढून त्यांनी स्वतःच लॉगिन केलं.

आता पुढचं इंजिनिअरच्या डोक्यानं वाचा. पडद्यावर डाव्या बाजूला ही लांबलचक यादी. त्यात कुठंतरी 'थीम फाइल एडिटर' असं दिसलं. एडिटर म्हणजे बदल करायची जागा, हे त्यांना माहीत! उघडलं. तिथं पहिल्यांदा स्टाइलची फाइल उघडते, सगळं इंग्रजी आणि महिरपी कंस. त्यांना वाटलं काहीतरी कचरा आला. सगळं पुसलं, व्हॉट्सॲपवर आलेली नवी भावांची यादी तिथं चिकटवली आणि निळं बटण दाबलं. साइटचे रंग गेले, मांडणी गेली, फोटो एकावर एक चढले, आणि भाव? भाव जिथल्या तिथं, ८५३. "मी तं फक्त भाव बदलला बाप्पा!" असं ते आजही सांगतात, आणि त्यांचं खरं आहे.

यावर आपल्याकडची ठराविक प्रतिक्रिया काय? हसू. "म्हणूनच सांगतो, हात लावू नका." मला विचाराल तर यात दुकानदाराची चूक कवडीचीही नाही. ज्यानं त्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचं लॉगिन देऊन ठेवलं त्याची आहे. वर्डप्रेसमध्ये पाच पायऱ्यांची लॉगिनं आधीपासून आहेत: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर, सबस्क्रायबर. मालकाला रोजच्या वापरासाठी 'एडिटर'चं लॉगिन करून दिलं असतं तर ती थीमची खोली त्यांना दिसलीच नसती. पानं उघडा, मजकूर बदला, फोटो लावा, एवढंच दिसलं असतं. दोन मिनिटांचं काम. ॲडमिनचं लॉगिनही मालकाचंच, पण ते तिजोरीच्या किल्लीसारखं वेगळं ठेवायचं. गल्ल्यावर बसताना कोणी तिजोरीची किल्ली हातात धरून बसत नाही. शिवाय ती फाइल बदलायची सोयच डॅशबोर्डवरून बंद करता येते, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहून. किती जण लिहितात? हॉस्टेलवर मी विचारून पाहिलं. उत्तर छापण्यासारखं नाही.

'मालकाला कळत नाही' हे तर मला बिलकुल पटत नाही. हाच माणूस जी.एस.टी. भरतो, उधारीची तीनशे खाती तोंडपाठ ठेवतो. देशभर खताची सबसिडी पॉस मशीनशी जोडली गेली ती २०१८ पर्यंत. तेव्हापासून हाच माणूस भर गर्दीत शेतकऱ्याचा आधार नंबर टाकून, अंगठा घेऊन, नेटवर्क गेलं तरी शांत राहून खत विकतो. त्याला एका पानावरचा आकडा बदलता येणार नाही? येईल. फक्त तो आकडा कुठे आहे हे त्याला सापडलं पाहिजे आणि चुकलं तर परत फिरता आलं पाहिजे.

परत फिरण्याचं म्हणतो त्याचं कारण असं की चुका सगळ्यांच्याच होतात. ३१ जानेवारी २००९ ला, आपल्याकडे रात्री आठच्या सुमाराला, गुगलनं जगातल्या झाडून सगळ्या साइट्स धोकादायक ठरवल्या होत्या. काहीही शोधा, प्रत्येक निकालाखाली 'ही साइट तुमच्या कॉम्प्युटरला अपाय करू शकते'. कारण? धोकादायक साइट्सची यादी हातानं अद्ययावत करताना एका ओळीत नुसती एक तिरकी रेघ राहून गेली. तिरकी रेघ प्रत्येक पत्त्यात असते, म्हणून सगळ्या साइट्स यादीत! गुगलला हे तासाभराच्या आत निस्तरता आलं, कारण जुनी यादी हाताशी होती.

योगायोग पाहा, बरोबर आठ वर्षांनी, ३१ जानेवारी २०१७ ला, गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली. दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जी.बी.मधले साडेचार जी.बी. उरले होते. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. वेळेवर एकही धड उपयोगी पडली नाही. एक बॅकअप तर कित्येक दिवस रिकामाच जात होता, आणि तो फसल्याचे ई-मेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. वाचले ते एकानं सहा तासांपूर्वी सहज हातानं काढून ठेवलेल्या कॉपीमुळे. सहा तासांचं काम गेलं ते गेलंच. ही माणसं आपल्यापेक्षा हुशार होती, रोज हेच काम करणारी होती. तेव्हा बार्शीटाकळीच्या दुकानदारावर हसण्याआधी जरा थांबावं.

उलट बाजूचं उदाहरण मराठीतच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. कोणीही यावं, कोणतंही पान बदलावं. कोणी खोडसाळपणा करतो, कोणी चुकून अर्धं पान पुसतो. तरी तो ज्ञानकोश उभा आहे. का? प्रत्येक पानाला 'इतिहास' आहे. कोणी, कधी, काय बदललं ते ओळीनं दिसतं आणि जुनी आवृत्ती एका टिचकीनं परत येते. तिथं कोणी 'हात लावू नका' अशी पाटी लावत नाही. वर्डप्रेसलाही अशा जुन्या आवृत्त्या २००८ पासून आहेत. पान उघडा, आवृत्त्यांच्या यादीत जा, कालची निवडा, परत आणा. मालकाला हे एकदा शेजारी बसून दाखवा. मुद्दाम त्याच्या हातानं पान बिघडवा आणि त्याच्याच हातानं परत आणा. भीती गेली की माणूस नीट काम करतो, हे लॅबमध्येही आपण बघतोच.

पण इथं एक मेख आहे. या आवृत्त्या पानाच्या मजकुराच्या असतात. तळपट्टीतला, म्हणजे फुटरमधला मजकूर जुन्या पद्धतीच्या थीममध्ये विजेटमध्ये असतो, आणि विजेटला इतिहास नाही. दुकानाचा फोन नंबर आपण नेमका तिथंच ठेवतो!

फोन नंबरावरून आठवलं. मला विचाराल तर दुकानाच्या साइटवरची सगळ्यात घातक जागा हीच. मोबाइलवर नंबराला बोट लावलं की फोन लागतो, कारण दिसणाऱ्या नंबराच्या मागे एक लिंक असते. मालक दिसणारा नंबर बदलतो, मागची लिंक जुनीच राहते. पडद्यावर नवा नंबर, फोन जातो जुन्या नंबरावर. मालकाला कधी कळतच नाही, कारण स्वतःच्या दुकानाला स्वतः कोण फोन करतो? सिम बंद करून टाकलं असेल तर तो नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, मग गिऱ्हाईक भलत्यालाच सोयाबीनचा भाव विचारत बसतं. आणखी एक. नंबर मराठी आकड्यांत दाखवायला हरकत नाही, छानच दिसतो, पण मागच्या लिंकमध्ये आकडे इंग्रजी लागतात. म्हणून बदल केल्यावर दुसऱ्याच्या फोनवर साइट उघडायची, नंबराला बोट लावायचं आणि आपला फोन वाजतो का ते ऐकायचं. याला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसऱ्याच्याच फोनवर का? कारण आपल्या ब्राउझरनं जुनं पान साठवून ठेवलेलं असतं. मालक भाव बदलतो, त्याला जुनाच दिसतो, तो पुन्हा बदलतो, पुन्हा जुनाच, मग रागानं काहीतरी तिसरंच दाबतो. त्याला फक्त एवढं सांगायचं असतं की भाऊ, पान प्रायव्हेट विंडोत उघडून पाहा, आणि तरीही जुनं दिसलं तर साइटचा कॅश रिकामा करायचं बटण हे इथं आहे.

आता मराठी मजकुराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी पुस्तकात हे सापडत नाही आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक दुकानात घडतं. दुकानदाराकडे मजकूर येतो कुठून? डी.टी.पी.वाल्याकडून. त्यानं पॅम्प्लेट केलेलं असतं श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये. तीच फाइल तो पाठवतो, मालक कॉपी-पेस्ट करतो, आणि साइटवर अगम्य इंग्रजी अक्षरांची भेळ! यात साइट बिघडलेली नसते. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'कापूस' दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं असतात डी, के, आय, डब्ल्यू, एल. फॉन्टनं त्यांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. मुखवटा उतरला की खरं रूप दिसतं. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठतो, म्हणून तो कुठेही 'क' च दिसतो आणि गुगललाही सापडतो. डी.टी.पी.वाल्याकडून मजकूर युनिकोडमध्येच मागून घ्यायचा, किंवा कन्व्हर्टरमधून काढून घेऊन मग काना-मात्रा डोळ्याखालून घालायच्या. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हमखास गडबड करतो, आणि बियाण्याच्या जातीचं नाव चुकलं तर ती नुसती शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

याचा धाकटा भाऊ म्हणजे प्रश्नचिन्हं. मराठी लिहिलं, सेव्ह केलं, आणि सगळीकडे प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. डेटाबेसचा तक्ता मराठी साठवण्यासाठी नीट तयार केलेला नसला की असं होतं. एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलं की मूळ अक्षर गेलं, ते परत मिळत नाही. तिसरा प्रकार याहून गमतीचा. मालक मजकुरात हात जोडल्याचं नाहीतर ट्रॅक्टरचं चित्र टाकतो, जे व्हॉट्सॲपवर टाकतात ते, आणि त्या चित्रापासून पुढचा सगळा मजकूर गायब! जुन्या मायएस्क्यूएलची गोष्ट आहे. त्याच्या 'यूटीएफ-८' मध्ये एका अक्षराला तीन बाइटच मावतात. देवनागरी अक्षराला तीन लागतात, म्हणून मराठी चालून जातं. त्या चित्राला चार लागतात. मग तो तिथंच मजकूर तोडतो आणि उरलेलं टाकून देतो. वर्डप्रेसनं २०१५ मध्ये चार बाइटवालं रूप स्वीकारलं, पण जुन्या होस्टिंगवरून जसेच्या तसे उचलून आणलेले तक्ते अजून भेटतात. डेटाबेसच्या तासाला कॅरेक्टर सेट हा मुद्दा आपण दोन मार्कांचा समजून सोडून देतो. तो इथं भेटतो बघा.

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून थेट चिकटवलं की मजकुराबरोबर तिथले रंग, आकार, मोकळ्या जागा असं सगळं वऱ्हाड येतं. नुसता मजकूर हवा तर कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबायचं. फोटोंचं तर सांगायलाच नको. मोबाइलचा आठ एम.बी.चा फोटो जसाच्या तसा चढवला की खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पोहोचतं.

आमच्या बार्शीटाकळीच्या हेमाडपंती मंदिरातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. कोणाला एडिट करता आला नाही म्हणूनच तो टिकला, असं माझा रूम पार्टनर म्हणतो. ठीक आहे. पण कपाशीचा भाव दगडावर कोरून चालत नाही. म्हणून साइट बांधतानाच दोन भाग वेगळे करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. जे दहा वर्षं बदलणार नाही ते एकीकडे: दुकानाची माहिती, पत्ता, मांडणी. जे सारखं बदलतं ते एका साध्या पानावर: भाव, वेळ, सुट्टीची सूचना, आलेला माल. त्या पानाच्या डोक्यावर 'हे भाव अमुक तारखेचे' अशी ओळ. ती ओळ असती तर वर सांगितलेलं अकरा रुपयांचं भांडण दोन मिनिटांत मिटलं असतं. आणि त्या पानाचा पत्ता एकदा ठरला की बदलायचा नाही, कारण त्याचा क्यू.आर. कोड दुकानाच्या बोर्डावर आणि बिलबुकावर छापलेला असतो.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. मालकाला सोपं जावं म्हणून भारंभार प्लगइन टाकून देतात. ब्राउझरमधूनच सर्व्हरवरच्या फाइल्स उघडता याव्यात म्हणून 'फाइल मॅनेजर' नावाचं एक प्लगइन सात लाखांहून जास्त साइट्सवर होतं. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात असं भोक सापडलं की लॉगिन न करता कोणीही साइटवर आपली फाइल चढवू शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ती लावणार कोण? बनवणारा बंगलोरला, आणि मालकाला 'कशाला हात लावू नका' सांगितलेलं. अपडेटचं बटणही त्यातच आलं ना! मालकाच्या गरजेत फाइल्स उघडणं बसतच नाही. जे नको ते टाकू नये, जे टाकलं त्याचं अपडेट कोण करणार ते नावानिशी ठरवावं.

बॅकअपबद्दल सगळे सर सांगतात म्हणून थोडक्यात. फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा घ्यायचा. नुसत्या फाइल्स घेतल्या तर फोटो राहतात, मजकूर जातो. आणि तो त्याच होस्टिंगवर ठेवायचा नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओ.व्ही.एच. कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळालं, तेव्हा लाखो साइट्स बंद पडल्या आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. दुकानदारासाठी महिन्याकाठी एक पेन ड्राइव्ह पुरतो. वर्षातून एकदा तो बॅकअप आपल्या लॅपटॉपवर उघडून बघायचा. न उघडलेल्या बॅकअपचं काय होतं ते गिटलॅबनं दाखवलंच आहे.

बॅकअप नको, फुकटच्या साइटवर भागेल असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गुगलनं २०१७ पासून लहान दुकानांना त्यांच्या नकाशावरच्या नोंदीतूनच फुकट साइट करून द्यायची सोय दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. जुना पत्ता टाकणाऱ्याला नकाशावरच्या नोंदीकडे वळवणंही १० जून २०२४ नंतर थांबलं. ज्यांनी आपला मजकूर आणि फोटो दुसरीकडे ठेवले होते त्यांनी नवी साइट उभी केली. बाकीच्यांच्या बोर्डावर तो मेलेला पत्ता रंगवलेलाच राहिला.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. डोमेन कोणाच्या नावावर? आपण घाईत आपल्याच ई-मेलनं घेतो. वर्ष संपतं, रिन्यूची आठवण आपल्या त्या जुन्या ई-मेलवर येते, आपण ती उघडत नाही, आणि एक दिवस दुकानाचा पत्ता दुसऱ्याचा होतो. काहीजण तर हे मुद्दाम करतात, म्हणजे मालक दर वर्षी आपल्याकडेच येईल! हा धंदा मला अजिबात मान्य नाही. ज्या माणसानं आपल्याला घरी बसवून पोहे खाऊ घातले त्याच्या दुकानाची चावी खिशात घालून निघून जाणं याला दुसरा शब्द आहे, मासिकात लिहिता येत नाही. डोमेन मालकाच्या नावानं, मालकाच्या ई-मेलनं, मालकाच्या फोन नंबरावर. होस्टिंगही तसंच. आपलं लॉगिन वेगळं, आणि काम संपलं की ते मालकाच्या समोर बंद करायचं.

यावर माझ्याच मित्रांनी घेतलेला आक्षेप असा: "एवढं सगळं पाच हजारांत कोण करणार?" आक्षेप खोटा नाही. एडिटरचं लॉगिन, भावांचं वेगळं पान, बॅकअप, शेजारी बसून शिकवणं, सगळं मिळून एक दिवस जास्त जातो. मग एका दिवसाचे पैसे सांगून घ्या, लाजू नका. मालक देतो. एकदा साइट मोडून बसलेला तर नक्कीच देतो. आणि पोहोच म्हणून त्याला एक कागद द्या, आपल्या अक्षरात, मराठीत: भाव कुठे बदलायचा, नंबर कुठे बदलायचा, चुकलं तर जुनं परत कसं आणायचं, कोणत्या बटणाला हात लावायचा नाही. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको; तो कागद काउंटरच्या काचेखाली जाणार हे ठरलेलं आहे.

आपल्या प्राध्यापकांसाठीही एक सूचना. फायनल इयरला वेबसाइटचे प्रोजेक्ट येतात. व्हायवाला आपण ई.आर. डायग्राम विचारता, डेटा फ्लो विचारता, रिपोर्टचं बाइंडिंग काळं आहे का ते पाहता. एखाद्या ग्रुपनं खऱ्या दुकानासाठी साइट केली असेल तर त्या दुकानदारालाही बोलवा. एक्स्टर्नलसमोर त्याला खुर्ची द्या आणि सांगा, "भाऊ, एक भाव बदलून दाखवा, आणि आता तो परत होता तसा करा." पंधरा मिनिटं द्या. तेवढ्या वेळात ग्रुपमधल्या कोणीही माऊसला हात लावायचा नाही, आणि खुणाही करायच्या नाहीत.